नऊ किलोचं झुंबर

२४ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

फोनवर तू "हो", "बघू" आणि "ठेवतो" या तीन शब्दांच्या पुढे जात नाहीस, म्हणून ही कागदाची उठाठेव. शिवाय मला तुझ्याकडून एक चित्र काढून हवं आहे.

आमच्या शाळेत या वर्षी संगीत नाटक बसतंय. एका राजाला अंधाराची भीती असते, म्हणून तो गावातले सगळे दिवे उचलून आणतो आणि आपल्या महालातल्या झुंबराला लावतो. गाव अंधारात. शेवटच्या गाण्यात मुली त्या झुंबराखाली उभ्या राहतात, झुंबर हळूहळू खाली येतं आणि प्रत्येक मुलगी हात उंच करून आपापल्या घरचा दिवा काढून घेते. लिहिलंय संगीताच्या बाईंनी. कबूल करायला जिवावर येतं, पण बरं लिहिलंय.

मी चित्रकलेची बाई, म्हणून झुंबर माझ्या गळ्यात पडलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही कराल काहीतरी पुठ्ठ्याचं." त्यावर संगीताच्या बाई गालातल्या गालात हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. मागच्या वर्षी मी केलेला डोंगर नेमका त्यांच्या गाण्यात आडवा झाला होता. तो आपोआप आडवा झाला असं मी अजून मानत नाही.

बावीस मुली उभ्या राहणार आहेत आणि त्यांच्या बरोबर मधोमध तुझी भाची. आवाज तिचा मोठा, म्हणून जागा मधली. तेव्हापासून मला पुठ्ठासुद्धा जड वाटायला लागलाय.

तू सहा वर्षं नाटकगृहात दोर ओढलेस, दिवे टांगलेस. त्या उस्तादाच्या निष्काळजीपणामुळे दिवा पडला आणि तुझं त्या कामावरून मन उडालं, एवढं तू घरी सांगितलंस. त्यापलीकडे मी कधी उकरलं नाही, आताही उकरत नाही. फक्त एवढं सांग, की खाली मुली उभ्या असताना एखादी वस्तू डोक्यावर कशी टांगायची.

आमच्या सभागृहात आडवी लोखंडी तुळई आहे, जमिनीपासून साधारण पंधरा फुटांवर. कामाला शाळेचे मिस्त्री आहेत. जूनमध्ये लागले. साठीचे असतील. बाकं, दारं, नळ सगळं करतात, पण दिवसाला चार शब्द बोलतात आणि तेही उधार दिल्यासारखे. अशा माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून मला त्यांची जरा धास्तीच वाटते.

तुझी ताई

२९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

डोंगर कुणी पाडला नाही. तू त्याला मागून एकच टेकू दिला होतास, मला फोटोत दिसला होता. संगीताच्या बाईंना सोड.

आता नीट वाच. काच वापरायची नाही. मेणबत्ती नाही. वरून विजेची वायर सोडायची नाही. वेताच्या तीन गोल रिंगा कर, मोठी, मधली, लहान. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची बुडं कापली की फुलासारखी दिसतात, ती दोऱ्यात ओवून त्यांचे लोलक कर. दिवे सेलवर चालणारे, मुठीत मावतील एवढे, नुसत्या आकड्याला अडकवलेले. सगळं मिळून दहा किलोच्या आत बसलं पाहिजे. काट्यावर ठेवून बघ. "हलकंच आहे" असं हातात धरून ठरवू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

झुंबराच्या वरच्या कडीला दोर बांधायचा. तो तुळईवरच्या दोन कप्प्यांवरून भिंतीपर्यंत आणि तिथे खुंटीला. दोराचं काम फक्त वर-खाली करणं. पडू न देण्याचं काम दोराच्या भरवशावर टाकायचं नाही. त्यासाठी स्टीलची तार वेगळी, तुळईला वेगळ्या जागी क्लॅम्पने आवळलेली. तारेची लांबी अशी ठेव, की दोराचं काहीही झालं तरी झुंबर सहा फुटांच्या खाली येऊच शकणार नाही.

आणि एक नियम आहे, तो कुणासाठीही मोडायचा नाही. जो बांधतो त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने जवळ जाऊन, हात लावून, ओढून बघायचं आणि मग मोठ्याने म्हणायचं, "पाहिलं." तो शब्द ऐकल्याशिवाय खाली कुणी उभं राहणार नाही. बांधलेल्या गाठीवर खडूची एक आडवी रेघ मार, दोरावरून कडीवर जाणारी. कुणी गाठ सोडून पुन्हा बांधली तर रेघ जुळणार नाही.

चित्र सोबत आहे. मापं त्यावरच लिहिली आहेत. ते मी काढलं असं शाळेत कुणाला सांगू नकोस. मी आता गोदामात खोकी रचणारा माणूस आहे, माझं नाव घेऊन काय उजेड पडणार?

तुझा बारक्या

१६ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

झुंबर झालं. भरलं नऊ किलो. काट्यावर ठेवून पाहिलं, खेळाचे सर साक्षीला होते. आठवडाभर शाळा सुटल्यावर मुली बाटल्या कापत बसायच्या. तीनशे चाळीस बुडं लागली. पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा संगीताच्या बाई नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अकरा तारखेला वर चढवलं. चित्र मिस्त्रींच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. इतका वेळ तर मी माझ्या लग्नाच्या फोटोंकडे बघितलं नसेल. मग बांधायला घेतलं. तपासलं मी. होय, स्वतः शिडीवर चढले, गाठ ओढून बघितली आणि "पाहिलं" म्हणाले. खडूची रेघ मारली.

आता ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर उतरवून बघितलं, तर रेघ मोडलेली. अर्धी दोरावर, अर्धी कडीवर, मध्ये बोटभर अंतर. मला वाटलं, दोर ताणला असेल. मी नवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी तीही मोडली. काल तर मी लाल खडू वापरला आणि आज सकाळी लाल रेघ गाठीच्या पोटात गेलेली. वर तारेच्या क्लॅम्पच्या नटालाही ताजे चरे दिसताहेत, कुणीतरी पाना लावल्यासारखे.

म्हणजे संध्याकाळी शाळा बंद झाल्यापासून सकाळी उघडेपर्यंत कुणीतरी माझं झुंबर सोडतंय. सभागृहाची किल्ली तिघांकडे आहे: मुख्याध्यापिका, मिस्त्री आणि संगीताच्या बाई, कारण त्यांचा पियानो तिथे असतो. तूच सांग, या तिघांत झुंबर पडलं तर कुणाला आनंद होईल.

रोज तालमीत तुझी भाची त्याच्याखाली उभी राहते आणि माझा जीव टांगणीला लागतो. घरी तिला काही सांगितलेलं नाही. ती आपली आनंदात आहे.

तुझी ताई

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं आणि कामावर लक्ष लागेना. दोन खोकी चुकीच्या रांगेत लावली.

आधी एक गोष्ट कर. कोण असेल याचा अंदाज बांधत बसू नकोस, बघ. सकाळी लवकर जा आणि विंगेत उभी राहा. कुणाला सांगू नकोस, मुख्याध्यापिकांनाही नाही. तोवर रोजच्या तालमीआधी गाठ स्वतः ओढून बघत जा.

आणि नवी गाठ कशी दिसते ते मला काढून पाठव. किती वेढे, शेवटचं टोक कुठून आत गेलंय, डावीकडून की उजवीकडून. गाठ बांधायची ज्याची त्याची एक तऱ्हा असते, ती लपत नाही.

बारक्या

२४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

सापडला. आणि मी ज्यांच्यावर पैज लावली असती त्या निघाल्या नाहीत.

सोमवारी पावणेसातला गेले. विंगेतल्या पडद्यामागे उभी राहिले. पडदा इतका धुळकट, की शिंक दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलं. सात वाजता दार उघडलं आणि मिस्त्री आत आले. इकडे तिकडे बघितलं नाही, सरळ खुंटीपाशी गेले आणि झुंबर तार ताणेपर्यंत, सहा फुटांवर उतरवलं. मग बाकावर चढून गाठ सोडली. दोर हातभर हातभर पुढे घेत बोटांनी चाचपला, नाकाजवळही नेला. पुन्हा गाठ बांधली. मग शिडी लावून वर चढले आणि क्लॅम्पचे नट पान्याने सैल करून परत आवळले. सगळं मिळून वीस मिनिटं. चोराला इतकी सवड नसते, पण म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मी पुढे झाले. म्हटलं, "काय करताय, मिस्त्री?"

"बघतोय."

"रोज?"

"रोज."

"पण मी तपासलंय की. 'पाहिलं' म्हणाले होते मी."

"ते काल," म्हणाले. "टांगून ठेवलेल्या दोराचं दुसऱ्या दिवशी काही सांगता येत नाही."

मग शिडीवरून उतरले, खिशातून तुझं चित्र काढलं, घडी उलगडली आणि विचारलं, "हे चित्र कुणी काढलं, बाई?"

तू बजावलं होतंस म्हणून मी म्हटलं, "मीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." त्या एका "बरं"मध्ये काय काय होतं देव जाणे. मला खोटं बोलताना पकडल्यासारखं वाटलं आणि त्याचा रागही आला. खरं म्हणजे जाब मी विचारायचा होता.

मला सांग, नीट बांधलेली गाठ चांगला माणूस रोज कशाला सोडेल? कुठेतरी पाणी मुरतंय. एक दिवस ते सैल ठेवतील आणि आपल्याला कळणारही नाही. गाठ पाठीमागे काढली आहे. दोन वेढे सरळ, तिसरा उलटा, आणि टोक डावीकडून आत खोचलेलं.

तुझी ताई

२७ नोव्हेंबर

ताई,

मी त्याला ओळखतो. तिसरा वेढा उलटा आणि टोक डावीकडून, अशी गाठ बांधणारा मी एकच माणूस बघितलाय. ज्या उस्तादाबद्दल मी घरी सांगितलं होतं तो हाच. अकरा वर्षांपूर्वी आमच्या नाटकगृहात चालू प्रयोगात दिवा पडला आणि बासरीवाल्याचं मनगट मोडलं. तो दिवा यानेच बांधला होता.

त्याला सभागृहातून बाहेर काढ. उद्याच. मुख्याध्यापिकांना सांग. त्याच्याशी जुन्या गोष्टी बोलू नकोस, काही विचारू नकोस, माझं नाव तर अजिबात घेऊ नकोस. त्याने बांधलेली गाठ सोड आणि चित्राप्रमाणे तू स्वतः बांध. तपासायला दुसरं कुणीतरी घे.

बारक्या

६ डिसेंबर

बारक्या,

तुझ्या सांगण्यावरून मी जे केलं ते आधी लिहिते.

एकोणतीस तारखेला मी मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सांगितलं, की मिस्त्रींच्या हातून पूर्वी अपघात झालेला आहे. त्यांनी मिस्त्रींना माझ्यासमोर बोलावलं. "खरं आहे का?" म्हणून विचारलं. ते म्हणाले, "हो, गाठ माझी होती." बस्स. ना हात झटकले, ना सारवासारव केली. सभागृहाची किल्ली टेबलावर ठेवली, पाना ठेवला आणि गेले. त्यांना आता फक्त बाकं दुरुस्त करायला सांगितलंय. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

संगीताच्या बाई दुसऱ्या दिवशी माझ्यावर तुटून पडल्या. म्हणाल्या, "माझा पियानो या माणसाने चार मधल्या सुट्ट्या खाली झोपून नीट केला, आणि तुम्ही त्याला चोर ठरवलंत." मी त्यांच्याकडे बघून मनात म्हटलं, तुम्ही का एवढी वकिली करताय? अजूनही माझी खोड गेली नव्हती.

मी मिस्त्रींची गाठ सोडली आणि तुझ्या चित्राप्रमाणे स्वतः बांधली. तपासायला खेळाचे सर. मी खुंटीपाशी होते. सभागृहाच्या दारातून त्यांचा आवाज आला, "पाहिलं!" मी वळून बघितलं, तर शिडी भिंतीला टेकलेली, सर दारातच, गळ्यात शिट्टी, एका हातात हजेरीचा कागद. माझ्या ते लक्षात आलं होतं, बारक्या. मी म्हणू शकले असते, की सर, वर चढा. पण तालमीला उशीर झाला होता आणि मुली ओळीने उभ्या होत्या. मी काही बोलले नाही.

झुंबर निम्म्याच्या खाली येईपर्यंत ठीक होतं. शेवटचा दीड फूट उरला आणि माझी गाठ सुटली. ते धाडकन आलं. तारेला हिसका बसला आणि बरोबर सहा फुटांवर थांबलं. मधोमध चौरंगावर उभ्या असलेल्या तुझ्या भाचीच्या केसांना एक लोलक लागला. बाकी कुणाला काही झालं नाही. माझ्या आधी संगीताच्या बाई धावल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी मुली बाजूला ओढल्या. त्यांच्याबद्दल मी वर्षभर जे जे मनात आणलं त्याची मला लाज वाटली.

भाची रडली नाही. घरी आल्यावर मी रडले. आणि रडून झाल्यावर एक प्रश्न डोक्यात आला, तो जात नाही.

जो बांधतो त्याने तपासायचं नाही, हे तूच लिहिलंस. तुमच्या नाटकगृहात हाच नियम असणार. त्या दिवशी बांधणारे मिस्त्री होते. मग "पाहिलं" कोण म्हणालं होतं?

ताई

९ डिसेंबर

ताई,

मी म्हणालो होतो.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता पुढचं लिहितो.

दिवा टांगतात त्या आकड्यात एक पिन घालावी लागते, नाहीतर आकडा धक्क्याने निसटू शकतो. उस्तादांनी दिवा बांधला तेवढ्यात त्यांना पडद्याच्या दोराकडे बोलावणं आलं. जाताना ते मला म्हणाले, "पिन राहिली आहे. वर जा, घाल, आणि बघून सांग." दोन मिनिटांचं काम होतं. मी खाली उभा राहून कुणाशी तरी गप्पा मारत होतो. वाटलं, मध्यंतरात चढू. तेवढ्यात पहिली घंटा झाली, उस्तादांनी पलीकडून विचारलं, आणि मी खालूनच ओरडलो, "पाहिलं." मध्यंतर व्हायच्या आधीच दिवा पडला.

मालकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि विचारलं, चूक कुणाची. मी तोंड उघडणारच होतो असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आलोय. खरं म्हणजे मी मिठाची गुळणी धरून उभा होतो. उस्ताद पुढे झाले आणि म्हणाले, "गाठ माझी होती." त्यांची नोकरी गेली. मी आणखी तीन महिने तिथे काम केलं, पण शिडीवर पाय ठेवला की घाम फुटायचा, म्हणून सोडलं. घरी येऊन मी तुम्हाला त्यांचीच चूक सांगितली. एकदा सांगितली आणि मग तीच खरी वाटायला लागली.

तुझ्या पत्रात ती गाठ बघितली तेव्हा मला भाचीची काळजी वाटली असं मी दाखवलं. तसं नव्हतं. ते तुला सगळं सांगतील या भीतीने मी त्यांना घालवलं. आणि त्यांना घालवलं म्हणून तुझी गाठ सुटली आणि भाची त्याखाली उभी होती. तार चार बोटं जास्त असती तर काय झालं असतं हे मी दिवसभर मोजत असतो.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. मला तोंड दाखवायची हिंमत नाही, हे खरं आहे, पण वाचून दाखव.

बारक्या

१३ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू समोर असतास तर कान धरला असता, वयाचा विचार न करता. माझ्या पोरीपेक्षा तुला तुझी अब्रू मोठी वाटली. हे मी विसरेन की नाही ते आज सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

आधी मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं, खेळाच्या सरांसमोर, त्यात माझंही आलं. सर मान खाली घालून उभे होते. मग संध्याकाळी मिस्त्रींच्या घरी गेले. एक खोली, एक खाट आणि भिंतीवर हत्यारं उंचीप्रमाणे लावलेली. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बसा." मी तुझं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत होते. पत्र संपलं. मला वाटलं, आता मला उठवतील.

मग त्यांनी विचारलं, "उद्या सात वाजता सभागृह कोण उघडणार?"

मी म्हटलं, "तुम्ही." आणि किल्ली दिली.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा तुझा पत्ता मागितला. का ते मी विचारलं नाही. मला पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीत नाक खुपसावंसं वाटलं नाही.

अठरा तारखेला प्रयोग आहे, संध्याकाळी पाच वाजता. भाचीने तुला बोलवायला सांगितलंय. मी तिला तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

ताई

२१ डिसेंबर

चिरंजीव,

पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. मला लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

प्रयोग चांगला झाला. झुंबर सावकाश उतरलं. पोरींनी दिवे काढले. तुझी भाची एकदाही वर न बघता गात राहिली. बांधलं मी, तपासलं खेळाच्या सरांनी. ते वर चढताना शिडी धरायला लागली, पण चढले.

बाई म्हणतात तू आला नाहीस. तू आला होतास. दिवे गेल्यावर आत शिरलास, दाराजवळ उभा राहिलास आणि दिवे लागायच्या आत गेलास. मी खुंटीपाशी होतो, तिथून लोक दिसतात. सगळे पोरींकडे बघत होते. एकच माणूस मान वर करून तुळईकडे बघत होता. झुंबर सहा फुटांवर थांबेपर्यंत तुझी मान खाली आली नाही.

तुझं पत्र ऐकलं. त्यात मला नवीन काही नव्हतं. त्या दिवशी तुझा आवाज खालून आला होता. वरून आलेला आवाज आणि खालून आलेला आवाज मला कळतो. मी तुला पुन्हा वर पाठवायला हवं होतं. घंटा झाली होती, मीही घाई केली. म्हणून मालकांपुढे बोललो. तुला वाचवायला बोललो असं मनात धरू नकोस. माझाही वाटा होता.

पण राग होता. खोटं कशाला बोलू? सहा वर्षं शिकवलेला माणूस शेजारी उभा राहून गप्प बसला, याचा राग अकरा वर्षं होता.

बाईंनी ते चित्र हातात दिलं तेव्हा अक्षर बघूनच कळलं कुणाचं आहे. तुझ्या हातच्या चिठ्ठ्या वाचून मी दोर ओढलेत. बाई म्हणाल्या, मी काढलं. मी म्हटलं, बरं. पण तुझ्या चित्रावर भरवसा ठेवून त्याखाली लेकरं उभी करायची माझी छाती होईना. टांगलेल्या दोराचं मी बाईंना जे सांगितलं ते खरं आहे, पण त्यासाठी कुणी रोज क्लॅम्प उघडत नाही. मी तुझी चूक शोधत होतो. कप्प्या मोजल्या, तार तीनदा मापली, तुळईचे बोल्ट ठोकून बघितले. वाटायचं, कुठेतरी यानं अंगचोरपणा केलेला असणारच.

पंधरा सकाळी शोधली. मिळाली नाही. तारेचं माप तर मी काढलं असतं त्याहून चांगलं होतं, आणि माझ्या मापाने ती पोर वाचली नसती. हे बाईंनी तुला सांगितलं असतं तर तुझी समजूत काढताहेत असं तुला वाटलं असतं, म्हणून मी लिहिलं.

मिस्त्री